अकरा वीसची हाक

सोमवार, २२ नोव्हेंबर १९८२

सकाळी साडेसहाला नागपूर स्टेशनावर उतरलो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. मिरजेहून निघताना सगळ्यांनी बजावलं होतं की नागपूर म्हणजे भट्टी. बजावणाऱ्यांपैकी एकही जण थंडीत इकडे फिरकलेला नसणार. सायकलरिक्षावाल्याने धरमपेठेत आणून सोडलं. घर शोधावं लागलं नाही. गच्चीवर चाळीस फुटी लोखंडी खांब आणि त्यावरून कडुनिंबाकडे ताणलेली तांब्याची तार दिसली, की समजायचं, इथे आपल्यातला माणूस राहतो.

मनोहरराव स्वतः फाटकापर्यंत आले. निवृत्त इंजिनियर, पासष्टीचे, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. हौशी रेडिओचं लायसन्स बावीस वर्षांचं. त्यांनी इथे पूर-वार्ता मंडळ नावाची संस्था काढली आहे. पावसाळ्यात कन्हान आणि पेंच या नद्या चढायला लागल्या की मंडळाची जीप काठाकाठाने फिरते आणि जीपमधल्या रेडिओवरून पाण्याची खबर बेसला देते. बेस म्हणजे मनोहररावांची अभ्यासिका. तिथे टेलिफोन आहे, तिथून पुढे सगळ्यांना कळवतात. जीपचा सेट बंद पडला आहे म्हणे. तो नीट करायचा आणि पुढे जीपबरोबर राहायचं, हे माझं काम.

एक अडचण होती, ती त्यांनी चुटकीसरशी सोडवली. फौजेच्या सिग्नल्समध्ये सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो, तरी हौशी लायसन्सची परीक्षा वेगळी द्यावी लागतेच. मी दिली, पास झालो, कागद दिल्लीत अडकलाय. लायसन्स नाही म्हणजे कॉलसाइन नाही, म्हणजे हवेत नावाऐवजी सांगायची सरकारी अक्षरं नाहीत, आणि कॉलसाइन नाही म्हणजे हवेत तुम्ही जन्मलेलेच नाही. मनोहरराव म्हणाले, तोवर माझा कॉलसाइन वापरा. हवेत तुम्ही म्हणजे मीच. मोठ्या मनाचा माणूस. तो कॉलसाइन इथे लिहीत नाही, कारण हे नियमात बसत नाही आणि वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

राहायला गॅरेजवरची खोली. बाहेरून दगडी जिना आहे. दुपारी आतून भरली वांगी आणि भाकरी आली. तिखटाने घाम फुटला आणि थंडी पळाली. मला इथे बरं वाटेल असं दिसतंय.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

जीप पाहिली. मडगार्डांच्या आत अजून वाळलेला गाळ आहे. ४ सप्टेंबरला ती खाप्याच्या अलीकडच्या रपट्यावर, म्हणजे नदीतल्या बुटक्या पुलावर, बंद पडली आणि पाणी चढलं. चालवणारा वाहून गेला. त्याचं नाव ताराचंद गजभिये. सेटही त्यानेच बांधला होता. मनोहररावांनी सांगितलं की ऐन वेळी सेटने दगा दिला, त्याला बेसला बोलावताच आलं नाही, बिचारा. ६ डिसेंबरला मंडळाची चौकशी-बैठक आहे. सेट का बंद पडला याचा लेखी अहवाल मी द्यायचा.

सेट उघडला आणि तासभर नुसता बघत बसलो. मी लष्कराचे सेट पाहिलेत, विलायती पाहिलेत. इतकी स्वच्छ जोडणी क्वचित पाहिली. प्रत्येक तार काटकोनात वळवून मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. सेट सीटखाली न ठेवता त्याने वर, हुडाच्या कमानीला पट्ट्यांनी टांगला होता, आणि बॅटरी मागच्या बाकाच्या पाठीवर. पाण्यात काम करायचं हे ठाऊक असलेल्या माणसाने विचार करून केलेली मांडणी. आत गाळाचा कणसुद्धा नाही.

या माणसाला भेटायला आवडलं असतं.

बुधवार, २४ नोव्हेंबर

बिघाड शोधायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग जमीन-जोड, मग अँटेनाची केबल, मग माइकची दोरी. जीपमध्ये दहातले नऊ बिघाड या पाचात सापडतात, कारण खड्ड्यांनी सगळं ढिलं होतं. बॅटरी उतरली होती, ती रात्रभर चार्ज केली. बाकी चारही ठीक. माइकची दोरी पिळून, ओढून पाहिली, ठीक. मग अँटेना काढली, तिच्या जागी चाळीस वॅटचा दिवा लावला. म्हणजे आवाज हवेत न जाता दिव्यात जिरतो आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही. माइक दाबून बोललो. शब्दागणिक दिवा उजळत होता. सेट ठणठणीत आहे.

जो सेट बंद पडलाच नाही, तो का बंद पडला याचा अहवाल काय लिहू?

अकरा वीसला एक गंमत झाली. सेट ऐकण्यावर होता आणि अँटेना काढलेली, म्हणजे नुसती खरखर यायला हवी. तीत फार खोल माणसाचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, चाल कळली. कोणीतरी कोणालातरी बोलावत होतं, थांबत होतं, पुन्हा बोलावत होतं. बरोबर एकला बंद. आमच्यात आवाजाला मार्क द्यायची रीत आहे. पहिला आकडा पाचापैकी, शब्द किती कळले याचा. दुसरा नवापैकी, जोर किती होता याचा. कोणी हाक मारली की आधी त्याचे मार्क सांगायचे, मग बाकीचं. याला रिपोर्ट देणं म्हणतात. तुझा आवाज पोचला, एवढाच त्याचा अर्थ. मी वहीत दोन-एक लिहिले.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

जीप रस्त्यावर काढली. सोबत मंडळाचा ड्रायव्हर लहानू, पन्नाशीचा, कमी बोलणारा. काटोल रोडला लागताच इंजिनाच्या ठिणग्यांची टरटर सेटमध्ये घुसली. बॉनेट चेसीला जाड पट्टीने जोडलं, डायनॅमोला एक कंडेन्सर लावला, टरटर गेली. अशा कामात मला सुख वाटतं.

अकरा वीसला तोच आवाज. आज तीन-चार. आज शब्द कळले. बेसला बोलावत होता. पाणी वाढून राहिलं म्हणत होता. ऐकून राहिले काय, रिपोर्ट द्या, असं प्रत्येक वेळी शेवटी.

लहानूने रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारला. खाली उतरला, किल्ली बॉनेटवर ठेवली. म्हणाला, "हा ताराचंदभाऊ हाय. मी नाही बसत आता ह्या गाडीत. तुमी बी नका बसू." आणि धरमपेठेपर्यंत चार मैल पायी गेला.

कोणीतरी टेपवरून चेष्टा करतंय. मेलेल्या माणसाच्या आवाजाची चेष्टा करणाऱ्याला मी शोधून काढणार आणि दोन ठेवून देणार.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

मनोहररावांना सांगितलं. सेट ठीक आहे हे सांगितलं तेव्हा चेहरा हलला नाही. आवाजाचं सांगितलं तेव्हा त्यांनी वेळ विचारली. अकरा वीस म्हटल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मग ड्रॉवरमधून टाइप केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझा अहवाल. मी लिहिण्याआधीच तयार. सेटची बांधणी सदोष, जोडण्या कच्च्या, बिघाडास बांधणारा स्वतः जबाबदार. खाली माझं नाव, सहीपुरती जागा.

मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, तुम्ही नवीन आहात. मग सहज आठवल्यासारखं म्हणाले की माझ्या लायसन्सच्या कागदांना त्यांचं शिफारसपत्र जोडलेलं आहे, आणि दिल्लीला एक पोस्टकार्डही पुरतं.

फौजेत मी दोन कप्तानांशी भांडलो आणि दोनदा बढती घालवली. वय झालं, आता जिभेला आवर घालायचा असं ठरवून इथे आलो होतो. कागद घेतला, सही केली नाही, बाहेर पडलो.

आज आवाज चार-चार. चेष्टा करणारा रोज माझ्या जवळ येतोय का?

शनिवार, २७ नोव्हेंबर

ताराचंदची बायको आली होती. अंजनाबाई. शहराच्या उत्तरेच्या इंदोरा वस्तीतून, चालत. बंगल्यात तिला घेतलं नाही, फाटकातूनच नकार मिळाला. मी गॅरेजमध्ये बोलावलं, स्टूल दिलं. बसली नाही. सेटकडे बघत उभी राहिली.

लोक म्हणतात ताराचंद प्यायलेला होता. लोक म्हणतात भंगाराचा सेट बांधला आणि त्यातच मेला. वस्तीत ज्याने घरोघरचे रेडिओ नीट केले, त्याच्याबद्दल वस्तीतलेच आता बोलतात. ती म्हणाली, "माह्या माणसानं दुसऱ्याचा रेडिओ बिघडू देला नाही, तो पाण्यात जाताना बिघडलेला सेट घेऊन जाईन काय? त्यानं बलावलं असन. शंभरदा बलावलं असन. मले पैसा नको, काही नको. त्यानं बलावलं होतं एवढं लिहून पायजे."

आणखी दोन गोष्टी तिच्याकडून कळल्या. ताराचंदचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपत होतं. नूतनीकरणाचा अर्ज त्याने जुलैतच मनोहररावांकडे दिला होता, मंडळप्रमुखाच्या सहीसाठी. तो अर्ज कुठे गेला तिला ठाऊक नाही. दुसरी गोष्ट, चौकशीची तारीख. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी आख्खी वस्ती दीक्षाभूमीवर असते, तिच्या बाजूने बोलायला कोणी येऊ शकणार नाही. "साहेबाले ते मालूम हाय," एवढंच म्हणाली.

मी तिला शब्द दिला. सेट चालू होता असं लिहून देईन. पण सेट चालू असणं वेगळं आणि त्याने बोलावलं हे सिद्ध होणं वेगळं. ते कसं करू?

रविवार, २८ नोव्हेंबर

सापडलं.

बंगल्यातली सगळी मंडळी लग्नाला गेली होती. बेसचं मशीन तपासायच्या निमित्ताने अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे असते. हौशी रेडिओवाल्याला लॉगबुक ठेवावंच लागतं. काय ऐकलं, किती वाजता, किती जोराने, सगळं शाईने. मनोहरराव नियमाचे पक्के. चुकीचं वागतील, पण लॉग अपुरा ठेवणार नाहीत. ४ सप्टेंबरचं पान काढलं.

अक्षर मोत्यांसारखं आहे. जसंच्या तसं उतरवतो.

"११.२०. गजभिये, जीपवरून, खाप्याचा रपटा. पाच-नऊ. गाडी बंद, पाणी चाकापर्यंत. लायसन्स ३१.८ रोजी समाप्त. नियमानुसार उत्तर दिले नाही."

"११.३५. तोच. पाच-नऊ. पाणी सीटपर्यंत. बोटीची मागणी. उत्तर दिले नाही."

"११.५०. तोच. पाच-नऊ. रिपोर्ट मागतो. उत्तर दिले नाही."

असे आठ. शेवटचा: "१.००. तोच. पाच-नऊ. वाक्य अर्धवट. पुढे काही नाही." त्याखाली रेघ आणि सही.

पाच-नऊ. पूर्ण मार्क. आठ वेळा पूर्ण मार्क लिहिले आणि एकदाही तोंडाने सांगितले नाहीत. हाताशी टेलिफोन होता. खाप्याला एक फोन केला असता तर ट्रॅक्टर, दोर, नाव, काहीतरी आलं असतं. एक तास चाळीस मिनिटं हा माणूस खुर्चीत बसून, टाक शाईत बुडवून, एका माणसाचं बुडणं सुवाच्य अक्षरात लिहीत होता.

त्याच ड्रॉवरमध्ये, तळाशी, तो अर्ज. जुलैची तारीख. सहीची जागा कोरी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती आज अनुभवली. पान फाडलं. अर्जही घेतला. जेवलो नाही.

सोमवार, २९ नोव्हेंबर

तोंडावर विचारलं. पान माझ्याकडे आहे हे सांगितलं नाही, फक्त म्हटलं की लॉग वाचला. नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं नाही, हेच जास्त भयंकर. शांतपणे समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. विनालायसन्स स्टेशनशी बोलणं गुन्हा आहे. उत्तर दिलं असतं तर त्यांचं लायसन्स गेलं असतं, मंडळाची परवानगी गेली असती, पुढे हजारोंचं नुकसान झालं असतं. एकासाठी नियम वाकवला तर उद्या कोणीही उठेल आणि माइक हातात घेईल. हे "कोणीही" त्यांनी ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला कळतो.

आणि माझ्यासाठी वाकवला तो? मी त्यांच्या कॉलसाइनवर आठवडाभर बोलतोय तो कुठला नियम? तर म्हणाले, ती सोय आहे.

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात इतका ओरडलो नव्हतो. ते ऐकून घेत होते आणि माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघत होते. अकरा वीस व्हायला आले होते.

पाच-पाच.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

आज ठरवलं. चेष्टा नाही, टेप नाही. अँटेना काढलेली, बॅटरीची एक तार काढलेली, तरी आवाज आला. जो आहे तो आहे. त्याला तीन महिने कोणी उत्तर दिलेलं नाही. मी देणार.

अकरा वीसला माइक उचलला. सवयीने आधी कॉलसाइन सांगितला, मग म्हटलं की ताराचंद, तुझा आवाज पाच-सात, सगळं ऐकू येतंय.

खरखर थांबली. इतकी शांतता मी कुठल्याच सेटवर ऐकलेली नाही. मागे पाण्याचा आवाज होता, तो तेवढा राहिला. मग तो म्हणाला, बहुत उशीर केला, साहेब.

रडू आलं. मी हवालदार माणूस, मला साहेब कोणी म्हणत नाही. म्हटलं, हो, उशीर झाला, चूक झाली.

बुधवार, १ डिसेंबर

सकाळी इंदोऱ्याला गेलो. लॉगचं पान आणि अर्ज अंजनाबाईच्या हातात दिला. तिने बोट फिरवत एकेक ओळ वाचली. पाच-नऊ म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं की शेजारी बसून बोलल्यासारखं स्वच्छ ऐकू येत होतं. ती खाली बसली. मग पान घडी करून पदराच्या आत ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे त्यानं बलावलं." सहा तारखेला ती बैठकीला जाणार, दीक्षाभूमीवर नंतर. वस्तीतले चार लोक सोबत येतो म्हणाले. ते पान आता कोणाच्या बापाला गिळता येणार नाही.

परत आलो तेव्हा सव्वाअकरा. छाती भरून आली होती आणि राग तसाच होता. अकरा वीसला त्याने विचारलं, बेस कुठं हाय?

मी सांगितलं. सगळं सांगितलं. खाप्याहून सावनेर, सावनेरहून नागपूर, मग धरमपेठ, गच्चीवरचा लोखंडी खांब. म्हटलं, ये. ज्याने ऐकलं आणि गप्प बसला त्याला भेट. सांगताना बरं वाटत होतं हे लपवत नाही. शेवटी रिपोर्ट दिला, पाच-आठ, आणि नियमाप्रमाणे कॉलसाइन सांगून बंद केलं.

गुरुवार, २ डिसेंबर

मनोहररावांना पान गेल्याचं कळलं. ओरडले नाहीत. दुपारी टॅक्सी आली, नवरा-बायको मुलीकडे जबलपूरला निघून गेले. बंगल्याला कुलूप. माझ्यासाठी चिठ्ठी: सहा तारखेपर्यंत सामान मोजून द्या आणि चालते व्हा. पळाला. चोर तो चोर, वर शिरजोर.

आज पाच-नऊ. बॅटरी काढून जमिनीवर ठेवली होती. त्याने बेसला बोलावून एवढंच सांगितलं — खापा सोडलं. पाणी संगं हाय.

त्याला सांगायला हवं होतं की माणूस पळालाय. सांगितलं नाही. येऊन बघू दे रिकामी खुर्ची. मग जबलपूरचाही पत्ता देईन.

शुक्रवार, ३ डिसेंबर

सेट उचलून पेटीत भरला, कुलूप लावलं. चाचणीचा तो चाळीस वॅटचा दिवा टेबलावर सुटा पडला होता. कशालाच जोडलेला नाही.

अकरा वीसला तो लागला. उजळ, मंद, उजळ. कोणी बोलत असल्यासारखा. त्या लयीवरून शब्द कळायला लागले. सतरा वर्षं तेच केलंय. सावनेर सोडलं. साहेब, ऐकून राहिले काय.

माझ्याकडे माइक नव्हता. पेटी उघडायला हात धजला नाही —

गॅरेजच्या फरशीवर पाणी. नळ नाही तिथे. बोटाने पाहिलं. गढूळ, बोटाला गाळ लागतो. डिसेंबरात.

एक प्रश्न दिवसभर डोक्यात. बंगल्याच्या पायऱ्या कोरड्या का? खुर्ची तिकडे आहे, बेस तिकडे आहे. पाणी इकडे का येतंय?

शनिवार, ४ डिसेंबर

१०.५०. सकाळच्याच गाडीने जायला हवं होतं. ट्रंक बांधली होती. मग वाटलं, सहाला बैठकीत उभं राहून सगळं बोलल्याशिवाय जायचं नाही. रागाने थांबवलं.

११.०५. जिना खालून चार पायऱ्या पाण्यात. अंगणात ऊन आहे. रस्त्यावरून सायकली जातायत. कोणी इकडे बघत नाही. हाका मारल्या. एकजण खिडकीखालून गेला, मान वर केली नाही.

११.२०. हाक. सेट पेटीत, पेटीला कुलूप. आवाज जिन्यातून येतोय. रपट्यावरून नाही, इथून. कॉलसाइन घेतोय. पूर्ण, एकेक अक्षर. मनोहररावांचा. साहेब, वर हाय काय?

११.२८. आता कळलं. त्याला चेहरा ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही. हवेत माणूस म्हणजे त्याचा कॉलसाइन. मी त्याच्याशी बोललो तो त्या कॉलसाइनने. चूक झाली म्हणालो तेही त्याच कॉलसाइनने. मी पत्ता दिला आणि खाली नाव त्या थेरड्याचं — नाही, माझंच. हवेत तुम्ही म्हणजे मीच. त्यानेच सांगितलं होतं. जबलपुरात बसून चहा पीत असेल —

११.३५. पाणी उंबऱ्याला. पेटी फोडली. माइक हातात. सांगितलं की मी तो नाही. मी केरबा नलवडे, मिरजेचा. तुझा रिपोर्ट मी दिला. पान मी अंजनाबाईला दिलं, विचार तिला. ती सहाला —

तो थांबून ऐकत होता. पाण्याचा आवाज थांबला होता. मग म्हणाला, तुमचा कॉलसाइन सांगा.

माझा अजून आला नाही. दिल्लीत आहे. सांगितलं तसं.

११.५०. बोलावतोय मी. चार वेळा. नाव सांगतोय, गाव सांगतोय, पाणी खाटेच्या पट्टीपर्यंत आलं सांगतोय. तो आहे. दाराबाहेर उभा आहे, श्वास ऐकू येतो. पाच-नऊ. एकदाच बोलला. विना लायसन्स स्टेशनले उत्तर देता येत नाही.

टेबलावर उभा राहून लिहितोय. ही वही पत्र्याच्या डब्यात घालून वर तुळईवर — कोणाला सापडली तर अंजनाबाईला सांगा, सहाला पान घेऊन जाच, माझ्यासाठी थांबू — 

१२.४०. छाती. अजून बोलावतोय. बाहेर कोणीतरी कागदावर काहीतरी लिहितंय, टाक खरडल्याचा आवाज

ताराचंद, मी तुझ्या बाजूचा आहे रे, मी एकट्यानेच तुला